परतीचा फटका

2026 च्या जानेवारीत पद्मश्रीची यादी जाहीर झाली आणि तीत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव निघालं. मी त्या आठवड्यात खोडाळ्यात एका लग्नाला होतो. मांडवात सगळ्यांना आनंद झाला, मोबाइलवर फोटो फिरले आणि लगेच डीजेची गाडी पुन्हा धडधडू लागली. तारपा कुणी बोलावलाच नव्हता. त्या धडधडीत बास मात्र छाती हादरवत होता, आणि तो वाजवणारा हात कुठेच नव्हता. मला ते फार लागलं. दहा वर्षं मी त्याच हातावर जगलो.

आधीची वर्षं थोडक्यात. वडील शाळामास्तर, कापणीच्या दिवसांत तारपा, मोखाड्याच्या बोहाड्यात सोंगांपुढे रात्रभर संबळ, दहावीनंतर कसाऱ्याला लोकल धरून मुंबई. नंतरची नोकरीही सगळ्यांची असते तशीच.

पण 1990 ते 2000! गणपती, नवरात्र, हळदी, गिरणगावातली पटांगणं. ऑर्केस्ट्रात मी ड्रमच्या शेजारी बास गिटार घेऊन उभा. शिकवणारे वांद्र्याचे एक गोवेकर अंकल. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बास त्यांना मुखोद्गत होता. तो त्यांनी मला आधी दोन बोटांनी पक्का करायला लावला. अंगठा वर्षभराने.

अंगठ्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. अमेरिकेत लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवायचा. ड्रमवाला राहिला नाही, तेव्हा त्याने ढोलाचा ठोका अंगठ्याने तारेवर मारला आणि वरचा तडाखा बोटाने तार ओढून काढला. ऐकताना मला संबळच आठवला. एक धूम, एक चाट, आणि माणूस एकच.

पुढचा धडा कठीण होता. व्हिक्टर वूटेन हा वादक अंगठा दोन्ही दिशांनी चालवतो. ते त्याला थोरल्या भावाने, रेजीने शिकवलं. अंकलकडे त्याची एक घासलेली व्हिडिओ कॅसेट होती. साध्या ठोक्यात अंगठा तारेवर आपटून उसळतो. इथे तो जाड्या तारेतून आरपार जाऊन खालच्या तारेवर टेकतो आणि परत येताना तीच तार वर उचलतो. मनगट किल्ली फिरवल्यासारखं फिरायला हवं. खांद्यातून जोर लावला की सगळं बिघडतं. जातानाचा सूर जाड, येतानाचा किरटा, आणि दोन्ही सारखे करायला मला चौदा महिने लागले. नखाची कड फाटली, फोड फुटले, चाळीतले शेजारी भांडले. जमलं त्या दिवशी तारपा आठवला. दुधीच्या भोपळ्यात फुंकताना तारपकरी गालात हवा धरून नाकाने श्वास ओढतो, म्हणून सूर तुटत नाही. त्याचा श्वास आत येतानाही वाजत राहतो. माझा अंगठाही तसाच, रिकामा परत येत नव्हता.

1999 मध्ये आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी कीबोर्ड घेतला. कीबोर्डवाल्याचा डावा हात बास वाजवील, एक मानधन वाचेल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गर्दीला फरक कळत नाही, हे त्यांचं म्हणणं तेव्हाही खोटं होतं. लोकांना नाव सांगता येत नसेल, पण पाय थांबायचे. कीबोर्डचा बास ठोक्यावर बसतो. माणूस गायकाचा श्वास बघून किंचित मागे राहतो. मी ते स्टेजवरून शेकडो रात्री पाहिलंय. आज तर कीबोर्डवालाही नको झालाय, पेन ड्राइव्ह पुरतो. अंकल गेले तेव्हा त्यांच्याकडे एकही शिष्य उरला नव्हता.

पद्मश्री मिळाली याचा मला अभिमान आहे. पण ज्या तालुक्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी आपल्या पुढच्या लग्नात एक तारपकरी बोलवावा आणि त्याला डीजेच्या निम्मे तरी पैसे द्यावेत.

मे महिनाभर मी खोडाळ्यात असतो. बास घरातच आहे, तारा नव्या घातल्यात. ज्या मुलाला किंवा मुलीला अंगठ्याचा हा हात शिकायचा असेल, त्यांनी सकाळी यावं. फी नाही. सुरुवातीला फक्त परतीचा फटका.