घरातला छोटा टीव्ही लॅपटॉपची दुसरी स्क्रीन होऊ शकतो का?

आमच्या बेसा भागात रूम करून राहणारी, शिकणारी किंवा घरूनच काम करणारी पोरं भरपूर आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न मला नेहमी येतो : "घरी छोटा टीव्ही पडून आहे. लॅपटॉपला दुसरी स्क्रीन म्हणून लावला तर चालेल का? मॉनिटरचे पैसे वाचतील." याचं उत्तर टीव्हीच्या मागच्या बाजूला असतं. टीव्ही फिरवा आणि कोणती पोर्ट्स आहेत ते बघा. स्क्रीन किती इंची आहे, हे नंतर.

माझ्याकडे दोन टीव्ही आहेत. एक घरातला जुना, हँडल धरून उचलता येणारा पोर्टेबल. तो १२ व्होल्टवरही चालतो, म्हणून लाइट गेली की बॅटरीवर लागायचा. सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे अँटेना वळवून दूरदर्शन बघायचं, एवढंच त्याचं काम. ते अँटेनाचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता बंद झालंय, त्यामुळे आत शिरायला एकच दार उरलं : एव्हीचं पिवळं सॉकेट.

लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून या पिवळ्या सॉकेटात जायला एक छोटी डबी मिळते. बर्डीवर कुठल्याही दुकानात मागा, पण 'एचडीएमआय टू एव्ही' असंच सांगा. 'एव्ही टू एचडीएमआय' ही उलट्या दिशेची डबी असते, दिसायला अगदी जुळी बहीण, आणि आपल्या कामाची नाही. डबीला यूएसबीमधून वीज द्यावी लागते. तिच्यावर पाल आणि एनटीएससी असं बटण असेल तर ते पालवर ठेवा, कारण आपल्याकडचे टीव्ही त्याच पद्धतीचे.

चित्र येतं. व्हिडिओ लावला तर छानही दिसतं. पण वर्डची फाइल उघडा, मग खरी गोष्ट कळते.

पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या आडव्या ओळी ५७६. एक ओळ साधारण ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते आणि सिग्नलची झेप ५ मेगाहर्ट्झपर्यंत. गुणाकार केला की एका ओळीत जेमतेम ५२० ठिपके वेगळे दिसू शकतात. त्यात पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्रच जातात, म्हणून बारीक तपशील आणखी पुसट होतो. लॅपटॉपची १९२० ठिपक्यांची ओळ एवढ्याशा जागेत कोंबायची म्हटल्यावर अक्षरांचा चिखल होणारच.

मराठीचं तर आणखी अवघड. इंग्रजी अक्षर थोडं फुटलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधून शिरोरेषा. या ५७६ ओळी एकदम काढल्या जात नाहीत : आधी एक सोडून एक, मग राहिलेल्या. त्यामुळे एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ सेकंदाला फक्त २५ वेळा उमटते. जुन्या काचेच्या ट्यूबवर ती चक्क लुकलुकते. म्हणजे इंग्रजी पान जेमतेम स्थिर वाटलं तरी मराठी पानावर सगळ्या शिरोरेषा थरथरत राहतात. दहा मिनिटांत डोळे दुखतात.

टीव्हीला कॉम्प्युटर लावणं हे काही नवीन खूळ नाही बरं का. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम टीव्हीलाच जोडायचा होता. पण तो एका ओळीत ३२ अक्षरं दाखवायचा आणि अशा फक्त २४ ओळी. मोठी, ठळक अक्षरं असली की टीव्हीला झेपतं.

म्हणून फक्त एव्हीवाला टीव्ही असेल तर त्यावर लेक्चर, मॅच, गाणी लावा आणि लिहिणं-वाचणं लॅपटॉपवर करा. त्यासाठी नवीन टीव्ही मात्र विकत घेऊ नका.

माझा दुसरा टीव्ही १९ इंची, एचडीएमआय असलेला, आणि त्याची कथा वेगळी आहे. केबल लावा, विंडोजचं बटण आणि पी दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. झालं. आता तीन गोष्टी तपासा. स्क्रीनच्या कडा कापल्या जाऊन टास्कबार गायब असेल तर तो ओव्हरस्कॅन; टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. शार्पनेस खाली आणा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी झालर दिसते. तिसरं रिझोल्यूशन : 'एचडी रेडी' टीव्हीत बहुतेक वेळा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, पण तो लॅपटॉपला स्वतःची ओळख ७२० किंवा १०८० अशी करून देतो आणि चित्र ताणून बसवतो. मागे व्हीजीए असेल तर ती केबल लावून १३६० गुणिले ७६८ निवडून बघा. जुनं पोर्ट आहे म्हणून हसू नका, कित्येकदा अक्षरं तिथूनच जास्त स्वच्छ येतात.

आणि इथे छोटं असणं फायद्याचंच आहे. तेवढेच ठिपके १९ इंचात असले की इंचाला साधारण ८२ पडतात, ३२ इंचात ४९. टेबलावर हातभर अंतरावरून वाचायला हॉलमधला मोठा एचडी रेडी टीव्ही आणलात तर ठिपके मोजत बसाल.

लॅपटॉप नाही, फोनच जोडायचाय? टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे चित्र बाहेर येईल असं नाही. स्वस्त फोनमध्ये ते बहुधा फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतं. तुमच्या मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द असेल तरच टाइप-सी टू एचडीएमआय केबलवर पैसे घाला. नसेल तर वायफायवरून कास्ट करणारी काडी टीव्हीच्या एचडीएमआयला लावता येते. सिनेमाला ती ठीक, पण गेम खेळताना बोट आधी हलतं आणि चित्र मागून येतं.