घरचं मैदान

गवत वाढलेलं, जाळं मधूनमधून सैल पडणारं, चेंडू मऊ. १९०० सालच्या ऑगस्टमध्ये बोस्टनच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर हरून परतलेल्या ब्रिटिश संघाची ही गाऱ्हाणी. डेव्हिस कपची ती पहिलीच लढत. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ड्वाइट डेव्हिसनं पदरच्या पैशानं चांदीचा चषक घडवून घेतला होता आणि अमेरिकेचा कर्णधार म्हणून तो स्वतः खेळलाही. निकाल ३-०. पाहुण्यांचं रडगाणं म्हणून ती तक्रार सोडून देता येईल, पण मला तिच्यात या स्पर्धेचं मर्म दिसतं. इथं समोरच्या खेळाडूशी खेळावं लागतं, तसंच त्याच्या घरच्या जमिनीशीही.

एरवी टेनिस हा एकट्यानं खेळायचा खेळ. डेव्हिस कपमध्ये मात्र कोर्टाच्या कडेला कर्णधार बसतो, बाजू बदलताना खेळाडूच्या कानाशी लागतो, मागे सगळा संघ ओरडत असतो. चार एकेरी, एक दुहेरी. कोर्ट गवताचं की मातीचं, हे यजमानानं ठरवायचं. या एका अधिकारानं किती इतिहास घडवला! १९२७ साली लाकोस्त, कोशे, बोरोत्रा, ब्रुन्यों या चौघांच्या फ्रान्सनं फिलाडेल्फियात जाऊन अमेरिकेकडून कप आणला. आता तो राखायचा तर घरी मोठं मैदान हवं. म्हणून १९२८ साली पॅरिसमध्ये स्टेडियम उभं राहिलं आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या रोलाँ गारो या वैमानिकाचं नाव त्याला मिळालं. आज आपण ज्या लाल मातीवर फ्रेंच ओपन पाहतो, ती मुळात डेव्हिस कपसाठी अंथरलेली. फ्रेंचांनी १९३२पर्यंत कप तिथून हलू दिला नाही.

भारत १९२१पासून या स्पर्धेत आहे. आपलं बळ होतं हिरवळीवर, आणि त्यातही कलकत्त्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर. १९६६ साली ब्राझीलविरुद्ध तिथं २-२ अशी बरोबरी झाली होती. निर्णायक लढतीत रामनाथन कृष्णन थॉमस कॉखविरुद्ध दोन-एक सेटनी मागे, चौथ्या सेटमध्ये २-५. कॉखला सामना संपवायला एकच गेम हवा होता. कृष्णनकडे धडाकेबाज सर्व्हिस नव्हती. होती ती हाताची नजाकत आणि चेंडू नेमका कुठं ठेवायचा याची जाण. त्यानं सलग पाच गेम घेऊन सेट ७-५ असा फिरवला आणि पाचवा ६-२नं खिशात घातला. भारत प्रथमच अंतिम फेरीत गेला. तेव्हा गतविजेता नुसता बसून राही आणि बाकीच्यांनी आपसांत लढून त्याच्या दारात जायचं, अशी रीत होती. ती पुढं १९७२ साली मोडली. मेलबर्नला गतविजेत्या ऑस्ट्रेलियाकडून आपण १-४ हरलो, पण तो एक गुण कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीकडून काढला, हे विसरू नये.

१९७४बद्दल लिहिताना माझा हात अजून थबकतो. विजय अमृतराज वीस वर्षांचा, आनंद बावीसचा. कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं, त्या लढतीत ३२७ गेम झाले. टायब्रेक नव्हता, त्यामुळे अमृतराज बंधूंची एकटी दुहेरीच ९९ गेमची: १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. पुढची लढत आपल्या पुण्यात, समोर सोव्हिएत संघ. ती ३-१ अशी जिंकली आणि अंतिम फेरीत गाठ पडली दक्षिण आफ्रिकेशी. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायचं नाही, असं भारतानं ठरवलं. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि कप त्यांच्याकडे गेला. त्या दोघा भावांच्या हातून आयुष्याची संधी गेली. तरीही निर्णय बरोबर होता, असं मी मनापासून मानतो. जिथं माणसाला कातडीच्या रंगावरून मैदानाबाहेर ठेवतात, त्या देशाच्या संघाशी हस्तांदोलन कसलं करायचं? दोन वर्षांनी हुकूमशहा पिनोशेच्या चिलीशी खेळायला सोव्हिएत संघानं नकार दिला. इटली मात्र सांतियागोला गेली, पानात्ता आणि बेर्तोलुच्ची दुहेरीत निषेध म्हणून लाल शर्ट घालून खेळले आणि कप घेऊन आले.

१९८७ साली रामनाथनचा मुलगा रमेश सिडनीला उतरला. ऑस्ट्रेलियानं गवत निवडलं होतं, आणि गवत तर आमचंही घरचं! निर्णायक लढतीत रमेशनं वॉली मझूरला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. बापाप्रमाणे लेकही अंतिम फेरीत. स्वीडननं मग शहाणपण केलं: गोथेनबर्गच्या बंदिस्त सभागृहात चक्क माती अंथरली. आपण ०-५ हरलो.

लिअँडर पेसचा काळ वाचकांना तोंडपाठ असेल. १९९५ साली दिल्लीच्या गवतावर दोन सेट गमावूनही त्यानं इव्हानिसेविचला हरवलं होतं. मी त्याला जवळून पाहिलं ते २०१७च्या फेब्रुवारीत, बालेवाडीला, न्यूझीलंडविरुद्ध. वय ४३. दुहेरीचे ४२ विजय खात्यात, आणखी एक मिळाला की विश्वविक्रम. जोडीला विष्णू वर्धन. प्रत्येक गुणानंतर तो विष्णूपाशी जाई, तळव्यावर तळवा मारी, तोंडासमोर हात धरून काही सांगे. गुण गेला तरी तेच, मिळाला तरी तेच. दुहेरी हरली, लढत भारतानं ४-१नं जिंकली. विक्रम झाला तो पुढच्या वर्षी चीनमध्ये, बोपण्णाच्या साथीनं. तो बालेवाडीत व्हायला हवा होता, ही हळहळ अजून आहे.

त्याच २०१८च्या ऑगस्टमध्ये ऑर्लँडोत मतदान झालं. फुटबॉलपटू जेरार्ड पिकेच्या कंपनीनं २५ वर्षांत ३ अब्ज डॉलर देऊ केले आणि आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेनं जुनी रचना मोडली. २०१९ साली माद्रिदच्या एकाच संकुलात १८ देश. दोन एकेरी, एक दुहेरी, तीन सेट. बडे खेळाडू दमतात, येत नाहीत, ही अडचण खरी होती. पण दुखणं वेळापत्रकाचं आणि शस्त्रक्रिया काळजावर झाली. दोन परक्या देशांची लढत तिसऱ्याच गावात, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर लागली, की कर्णधाराच्या मागे ओरडायला उरतं कोण? २०२३च्या जानेवारीत तो करार मुदतीच्या खूप आधीच तुटला. पाच सेट परतले नाहीत. घरची-परकी लढत मात्र पात्रता फेऱ्यांत टिकली आहे, आणि आता फक्त शेवटचे आठ संघ एका गावी जमतात. २०२५ साली ते बोलोन्याला जमले. हुकमी खेळाडू सिनर नसतानाही इटलीनं सलग तिसऱ्यांदा कप जिंकला, तोही आपल्याच लोकांसमोर.

आपली चांगली बातमी त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली. स्वित्झर्लंडमधल्या बील गावी, त्यांनी निवडलेल्या बंदिस्त हार्ड कोर्टवर भारतानं ३-१ अशी बाजी मारली. युरोपात जाऊन युरोपीय संघाला हरवायला १९९३ साली फ्रेजूसमध्ये फ्रान्सला हरवल्यानंतर ३२ वर्षं लागली. पहिल्या एकेरीत यजमानांच्या जेरोम किमला सरळ सेटमध्ये हरवणारा मदुराईचा उंचापुरा दक्षिणेश्वर सुरेश त्या दिवसापर्यंत डेव्हिस कपची एकही लढत खेळला नव्हता.