ऑइलच्या झाकणाखालचं 'लोणी' : इंजिन खोलायचं की आधी ब्रीदर तपासायचा?



परफॉर्मन्स गाड्यांचं छोटं गॅरेज टाकायचंय असं सांगणारे बरेच जण भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, मशिनरी कोणती घेऊ?" मी त्यांना उलट विचारतो, "गिऱ्हाईक चुकीची भीती घेऊन आलं, तर खरं काय ते त्याला दाखवून देता येईल का?" आजचा विषय त्याच्यासाठीच आहे.

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पुणे, ऑगस्ट महिना, बाहेर पावसाची रिपरिप. एक टर्बो पेट्रोल गाडी तुमच्या दारात येते. मालकाने ऑइलचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर दिसला. दुसरीकडे कुणीतरी त्याला सांगून टाकलंय, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." बिचारा घाबरलाय. तुम्ही 'हो' म्हणालात तर मोठं काम आजच हातात. पण ते काम खरंच गरजेचं आहे का?

हे पाणी येतं कुठून?

पावसाळ्यामुळे आलं, असं पटकन वाटतं. हवेतल्या दमटपणाने थोडी भर पडते, पण मुख्य पाणी इंजिन स्वतःच तयार करतं. पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनची वाफ होते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं! त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब पडतात ना, ते हेच.

पण पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के सील करत नाहीत. थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. टर्बोचं प्रेशर वाढवलेल्या इंजिनात तो जास्त असतो. त्यात वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि आम्ल तयार करणारे वायूही असतात. इंजिन थंड असेल तर ही वाफ सगळ्यात गार जागी जमते, म्हणजे ऑइलच्या झाकणावर, डिपस्टिकच्या नळीत आणि व्हॉल्व्ह कव्हरखाली. तिथे ती ऑइलमध्ये घुसळली गेली की झालं लोणी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं लोक धरून चालतात. तो काटा कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घर ते ऑफिस तीन किलोमीटर, मग दिवसभर गाडी उभी, असा वापर असेल तर ऑइल कोमटच राहतं आणि पाणी उडून जातच नाही. बाहेरून थर्मोस्टॅट नसलेला ऑइल कूलर बसवलेला असेल, तर हाच त्रास आणखी वाढतो.

हे असंच चालू राहिलं तर आम्ल आणि गाळ वाढतो. बेअरिंग, टायमिंग चेन आणि टर्बो, तिघांचंही आयुष्य कमी होतं. म्हणून "काही नाही हो, चालवा" म्हणून हात झटकणंही चूकच.

ब्रीदर सिस्टिम काय करते?

जुन्या गाड्यांत हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जायचा. कॅलिफोर्नियात हवेच्या प्रदूषणामुळे १९६१च्या मॉडेलपासून पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, आलं. कल्पना सोपी आहे. इंजिन हवा ओढतंच, तर त्याच ओढीने क्रँककेसमधला गॅसही आत घ्यायचा आणि जाळून टाकायचा.

टर्बो गाडीत याला दोन वाटा लागतात. आयडलिंगला आणि हलक्या पायाने चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, गॅस तिकडून जातो. टर्बोने बूस्ट दिला की त्याच मॅनिफोल्डमध्ये प्रेशर येतं. मग तिथला एकदिशा व्हॉल्व्ह बंद होतो आणि गॅस टर्बोच्या आधीच्या पाइपमधून ओढला जातो. एक वाट तुंबली किंवा व्हॉल्व्ह खराब झाला की क्रँककेसमध्ये प्रेशर साठतं. मग ऑइल सील गळतात, कधी डिपस्टिकच वर उचलली जाते.

तपासणीचा क्रम

स्वस्त आणि सोपं आधी, खोलाखोली शेवटी. हा क्रम भिंतीवर लावून ठेवा.

१. विचारा. रोज किती किलोमीटर? हायवेला शेवटचं कधी नेली? ऑइल कधी बदललं? कूलंट टॉपअप करावं लागतंय का?

२. डिपस्टिक बघा. लोणी फक्त झाकणावर आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, तर बहुधा साधी वाफ. सगळं ऑइलच दुधाळ दिसलं तर गंभीर. मग इंजिन सुरू करू नका.

३. कूलंट बघा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. पातळी उतरलीय का? वर तेलाचा तवंग आहे का?

४. व्हॅक्यूम बघा. आयडलिंगला ऑइलचं झाकण काढून तोंडावर रबरी हातमोजा धरा. तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फुगला तर ब्रीदर तुंबलाय किंवा ब्लो-बाय जास्त आहे. झाकण निघतच नाही इतकी ओढ आणि शिट्टीसारखा आवाज असेल, तर पीसीव्हीचा डायफ्राम फाटलेला असू शकतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या २.० टीएसआय इंजिनांत हे बघायला मिळतं. सोबत पी०१७१ हा 'मिश्रण पातळ' असल्याचा कोडही येऊ शकतो.

५. थर्मोस्टॅट बघा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन कधीच नीट तापत नाही.

६. ब्लॉक टेस्ट करा. कूलंटच्या टाकीवरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. द्रव पिवळा झाला तर ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये जातोय, म्हणजे गॅस्केटवर किंवा हेडवर संशय घट्ट झाला.

७. लीक-डाउन टेस्ट करा. सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावा. ऑइलच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

सगळं ठीक निघालं तर झाकण पुसा, कूलंटच्या पातळीवर खूण करा आणि मालकाला सांगा, "एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन या, मग परत दाखवा." ऑइल नीट तापलं की पाणी उडतं. पुढे आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवायला सांगा. कमी अंतराच्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर न बदलता महिन्यांवर बदला.

कॅच कॅन विकायचा का?

गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येतं आणि म्हणतं, "कॅच कॅन बसवा." त्याचं काम ब्लो-बायमधलं ऑइल आणि पाणी इनटेकमध्ये जाण्याआधी अडवणं. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे तिथे साचलेला कार्बन धुतला जात नाही. शिवाय ऑइलची वाफ मिश्रणात आली की नॉकिंगची शक्यता वाढते. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्या, बूस्ट वाढवलेल्या गाडीला त्याचा उपयोग आहे.

पण तीन अटी. एक, आत जाळी किंवा पडदे असलेला कॅन घ्या, नुसता रिकामा डबा काही अडवत नाही. दोन, सिस्टिम बंदच ठेवा. पाइप उघड्यावर सोडला तर ऑइलचा वास केबिनमध्ये येतो आणि बीएस-६ गाडीत क्रँककेसचा गॅस बाहेर सोडणं नियमात बसत नाही. तीन, कॅन वेळेवर रिकामा करावा लागतो. भरलेला कॅन तुंबलेल्या ब्रीदरसारखाच. गिऱ्हाईक थंडीत लडाख-स्पितीला जाणार असेल तर त्यात साठलेलं पाणी गोठून पाइप बंद होऊ शकतो, हेही सांगा. आणि वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, ते जॉब कार्डवर लिहूनच सही घ्या.

एक लक्षात ठेवा, कॅच कॅन हा तुंबलेल्या पीसीव्हीवरचा किंवा झिजलेल्या रिंगांवरचा इलाज नाही.

आता धंद्याचं गणित

समजा, गॅस्केटच्या कामाचं बिल ४०,००० रुपये आणि तपासणीचे १,५०० रुपये. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.) नको असलेलं काम करून ४०,००० मिळाले, तरी महिन्याभरात झाकणावर पुन्हा लोणी येणार, कारण गाडीचा वापर बदललेलाच नाही. मग मालक परत येईल तो भांडायला, आणि त्याच्या ग्रुपमधले बाकीचे गाडीवाले येणारच नाहीत. १,५०० घेऊन फोटोसह रिपोर्ट दिलात, तर पुढचं ऑइल, पीसीव्ही, ब्रेक, टायर, सगळं तुमच्याकडेच येईल.

पण तपासणी फुकट करू नका. फुकट तपासणी केली की तो खर्च भरून काढायला काम 'शोधायचा' मोह होतो. तपासणीचे पैसे आधीच ठरवा, म्हणजे "तुमच्या गाडीला काही झालेलं नाही" हे सांगतानाही तुमचं नुकसान होत नाही.

आजचा गृहपाठ : वरच्या सात पायऱ्यांचं एक पानाचं जॉब कार्ड बनवा. प्रत्येक पायरीपुढे 'काय दिसलं' आणि 'फोटो घेतला का' असे दोन रकाने ठेवा. पहिली गाडी स्वतःची किंवा मित्राची घ्या. हात बसला की मगच बोर्ड लावा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, प्रामाणिकपणे कमवत राहा!