बाळंतिणीची खाट आणि प्रार्थनेचे दार

२०२३ च्या नोव्हेंबरात हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचे काही शेतकरी, कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या, असे म्हणत मुंबईला पोचले. सेनगाव तालुक्यातल्या या गावाचे नाव तेव्हा राज्यभर झाले. बातमी चार दिवसांत मागे पडली, कर्ज राहिले. सोयाबीन आणि हळदीच्या भावावर ज्या घराचे सगळे गणित उभे असते, त्या घरातल्या गरोदर बाईचा विचार मात्र कोणत्याच बातमीत आला नाही.

तिचे दुखणे आशाताईंना पाठ असते. सातव्या महिन्यात रक्त कमी, लोहाच्या गोळ्या अर्ध्या खाल्लेल्या, सोनोग्राफीसाठी रोज बुडवायची तयारी नाही. पावसात काळ्या मातीचा शिवरस्ता चिखलाने बंद होतो आणि रात्री कळा सुरू झाल्या की १०२ ची गाडी डांबरी सडकेवरच थांबते. तिथवर बाईला बैलगाडीने किंवा चालत न्यायचे. चार दिवस आधीच दवाखान्याजवळ राहायला मिळाले तर निम्मा धोका तिथेच टळतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सरकारने याच विचारातून ‘माहेरघर’ योजना आणली. दिवस भरत आलेली बाई आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहते, सोबतीला घरचे माणूस असते, जेवणाची सोय होते. पण ही योजना आदिवासी भागांसाठी आहे. शिवाय नवऱ्याने टाकलेली, विधवा किंवा लग्नाआधी दिवस गेलेली बाई माहेरघरात तरी कोणाच्या सोबतीने जाणार?

अशा बायकांसाठी एखाद्या ख्रिस्ती संस्थेने इथे प्रसूतिगृह काढले आणि ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे अनुदान मागितले, तर द्यावे का? माझे उत्तर होय असे आहे. पण त्या होयला अटी आहेत आणि त्या अटी आपल्या इतिहासानेच शिकवल्या आहेत.

विधवांच्या बाळंतपणाचा प्रश्न महाराष्ट्राने सरकारी पैशातून सोडवायला घेतला नव्हता. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ चे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. ते प्रसूतिगृह नव्हते, विधवांची शाळा आणि वसतिगृह होते. पण धर्म आणि देणगी यांचा पेच तिथे जितका उघड झाला, तितका क्वचितच कुठे झाला असेल. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, म्हणजे ख्रिस्ती दात्यांचा. तरीही सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. स्वतः ख्रिस्ती असलेल्या रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. मुली आत येऊन बसू लागल्या. दार लावायला सांगणे म्हणजे आपल्या श्रद्धेवर घाला, असे रमाबाईंना वाटे. ते उघडे राहणे म्हणजे वचनभंग, असे पालकांना वाटे. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने तर आधीपासूनच तोफ डागली होती.

मला या वादात दोन्ही बाजूंची वेदना खरी वाटते. सदनात शिकून उभ्या राहिलेल्या विधवांचे भले झाले, हे नाकारता येत नाही. आणि पोटासाठी आसरा घेतलेल्या मुलीची ‘स्वेच्छा’ किती मोकळी असते, हा प्रश्नही टळत नाही. रमाबाईंनी पुढे केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था वसवली, १८९९ साली समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. तिथे त्या उघडपणे ख्रिस्ती म्हणून काम करत राहिल्या.

आज राज्यघटनेचे कलम २७ सांगते, की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास राखून ठेवले आहे, तो कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. बाळंतिणीची खाट हा धर्माचा प्रसार नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८९९ साली हाच वाद आला. वॉशिंग्टन शहरात कॅथलिक सिस्टर्स चालवत असलेल्या प्रॉव्हिडन्स रुग्णालयात सरकारी पैशातून इमारत बांधायचा करार झाला आणि ब्रॅडफील्ड नावाच्या करदात्याने त्याला हरकत घेतली. संस्था कायद्याने रुग्णालय म्हणून स्थापन झाली आहे आणि तेच काम करते, चालवणारे कोणत्या पंथाचे याने फरक पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे तर जननी सुरक्षा योजनेचा पैसा मान्यताप्राप्त खासगी संस्थेत बाळंत होणाऱ्या गरीब बाईलाही मिळतो. तिथे ट्रस्टचा धर्म कोणी विचारत नाही.

स्थानिक संस्थेने ट्रस्टचे प्रसूतिगृह पोसण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण परळचे आहे. वाडिया या पारशी घराण्याने गिरणी कामगारांच्या बायकांसाठी १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे केले. बांधकाम ट्रस्टचे आणि चालू खर्चात मुंबई महापालिका व सरकारचा वाटा, अशी करारानेच बांधणी झाली. जवळपास शतकभर हजारो बाळंतपणे या वाट्यावर पार पडली. पण जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकले, पालिकेने हिशेबावर आक्षेप घेतले, वाडियाची रुग्णालये बंद पडायची वेळ आली आणि कर्मचारी रस्त्यावर उतरले. पुतळ्यांना पैसा आहे, रुग्णालयाला का नाही, असे उच्च न्यायालयाने सरकारला सुनावले. मग राज्याकडून २४ कोटी आणि पालिकेकडून २२ कोटी रुपये द्यायचे ठरले. हिशेबाचा वाद खरा असेलही. पण हिशेब जुळेपर्यंत बाईच्या कळा थांबत नाहीत.

हिशेब नकोच, असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. २०१८ च्या जुलैत रांचीच्या ‘निर्मल हृदय’ या अविवाहित मातांच्या आश्रयगृहातून बाळ विकल्याच्या आरोपावरून एका कर्मचारी महिलेला आणि एका सिस्टरला अटक झाली. संस्था मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीची. नाव कितीही मोठे असो, जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद आणि दत्तक द्यायचे ते बालकल्याण समितीमार्फतच, यात सूट नको.

गोरेगावसारख्या ठिकाणी पैशाला वाटच नाही, असेही नाही. ग्रामपंचायतीने आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शिलाई यंत्रे, सायकली, पिठाच्या गिरण्या वाटल्या जातात. त्या वाईट नाहीत. पण फोटो यंत्राचा निघतो, टळलेल्या मृत्यूचा निघत नाही, म्हणून हा पैसा बाळंतपणाकडे वळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एका ग्रामपंचायतीचे १० टक्के तुटपुंजे असतात. आसपासच्या पंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने मिळून वाटा उचलला तरच चार खाटा चालतील.

ग्रामसभेच्या ठरावात मग काय लिहायचे, ते १८९३, २०१८ आणि २०२० ही तीन साले सांगतात. पैसा खाटेमागे आणि बाळंतपणामागे द्यायचा, संस्थेला सरसकट नाही. प्रवेशाच्या कागदावर धर्म आणि जात विचारायची नाही. प्रार्थनेची जागा राहत्या खोल्यांपासून वेगळी असावी आणि तिथे जाण्या-न जाण्यावर बाईचे जेवण किंवा मुक्काम अवलंबून नसावा. गावातल्या दोन आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी महिन्याला एकदा येऊन बायकांशी एकांतात बोलावे. आणि अनुदानाचा हप्ता तिमाहीच्या सुरुवातीला जमा व्हावा. आक्षेप असेल तर तो पुढच्या हप्त्यात वळता करावा, आत दाखल असलेल्या बाईचा खर्च रोखून नव्हे.