सव्विसावी चाल : एका चुकीचे निदान

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत वैद्यकीय लेख दरवर्षीच असतात. यंदा संपादकांनी छंदाविषयी लिहावयास सुचविले, म्हणून बुद्धिबळाचा एक डाव आपल्यापुढे मांडीत आहे. ज्यांना पट अवगत नाही त्यांनीही हे पान उलटू नये, ही विनंती. चूक कशी घडते आणि ती दिसत का नाही, हा या लेखाचा खरा विषय आहे. आणि तो आम्हां डॉक्टर मंडळींना परका नाही.

दिनांक १५ नोव्हेंबर २०१४, स्थळ रशियातील सोची. जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव. पांढरी मोहरी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. पाच डावांनंतर दोघांचे अडीच-अडीच गुण झालेले. आदल्याच वर्षी चेन्नईत कार्लसनने आनंदकडून हे पद घेतले होते. ते परत मिळविण्याची ही संधी होती.

वजीर नवव्या चालीलाच पटावरून गेले. त्यानंतर पांढऱ्याची बाजू थोडी वरचढ, पण निर्णायक काही नाही, अशी स्थिती झाली. पंचवीस चालींनंतरचा पट असा होता. पांढऱ्याचे हत्ती जी४ व एच५ या घरांवर, उंट सी२ व ई३ वर, राजा सी१ वर. प्यादी ए२, सी३, सी४, ई५, एफ२ आणि जी२. काळ्याचे हत्ती जी८ व एच८ वर, घोडा जी६ वर, उंट सी६ वर, राजा बी७ वर. प्यादी ए५, बी६, सी५, ई६, एफ७ आणि एच६. घरी पट असेल तर ही मांडणी जरूर करून पाहावी.

कार्लसनला घाई नव्हती. त्याने उंट मागे नेला, पुन्हा पुढे आणला. आनंदनेही हत्ती बाजूला नेऊन परत आणला. मग सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा सी१ वरून डी२ वर ठेवला. राजाला दुसऱ्या बाजूला नेऊन तिकडची प्यादी सांभाळावी, हा साधा विचार. चाल दिसावयास निरुपद्रवी, प्रत्यक्षात घोडचूक!

ती कशी, ते पाहू. काळ्याने घोड्याने ई५ वरील प्यादे मारावयाचे. घोडा बाजूला होताच जी पट्टीत दोन्ही बाजूंचे हत्ती समोरासमोर येतात. पांढऱ्याने एच५ वरील हत्तीने घोडा मारला, तर काळा जी४ वरील हत्ती मारतो. म्हणजे एका घोड्याच्या बदल्यात हत्ती आणि वर एक प्यादे. पांढऱ्याने त्याऐवजी जी८ वरील हत्ती मारला, तर घोडा सी४ वरील प्यादे मारतो आणि डी२ वरील राजाला शह देतो. शहाला उत्तर देणे भाग. राजा डी३ वर येऊन घोड्यावर चालून गेला, तर घोडा बी२ वर उडी घेऊन पुन्हा शह देतो. आणि राजा हलला की काळा शांतपणे जी८ वरील हत्ती उचलतो. हिशेब केला तर काळ्याला दोन प्यादी अधिक.

येथे मर्म आहे ते राजाच्या घराचे. राजा सी१ वर असेतो हा प्रयोग फसत होता, कारण सी४ वर गेलेल्या घोड्याचा त्याला शह बसत नाही. सारा पट तोच. बदलले होते फक्त एक घर.

चाल केल्यावर आपली चूक कार्लसनच्या लगेच ध्यानात आली. आनंदने मात्र फारसा वेळ न घेता ए५ वरील प्यादे ए४ वर सरकविले, आणि ते सरकविल्यावर त्यालाही सारे दिसले! पुढच्याच चालीला राजा ई२ वर गेला आणि दार मिटले. मन विचलित झालेला आनंद अडतीसाव्या चालीनंतर हरला. अपेक्षा नसताना आलेली भेट कधीकधी घेतलीच जात नाही, अशा अर्थाचे तो नंतर बोलला. पुढे तो सामना कार्लसनने साडेसहा विरुद्ध साडेचार गुणांनी जिंकला.

इतकी सोपी गोष्ट अशा खेळाडूला दिसू नये, याचे नवल वाटते ना? मला वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. एक निवृत्त शिक्षक पोटाच्या वरच्या भागातील जळजळीसाठी नेहमी येत. एका नामवंत ज्येष्ठ वैद्यांचे पत्र त्यांच्याजवळ असे : आम्लपित्त. त्या रात्री ते आले, तक्रार तीच, हात ठेवण्याची जागा तीच. मी नेहमीचे औषध लिहिले आणि त्यांना घरी जावयास सांगितले. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, आज मास्तरांना घाम फुटलाय." ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. मास्तर वाचले, त्याचे श्रेय माझे नव्हे.

त्या पत्रात चूक नव्हती. ते जुन्या स्थितीचे होते. घाम हे मास्तरांच्या पटावरचे बदललेले घर होते. परिचित चित्र आणि मोठे नाव, या दोहोंच्या मध्ये माझी नजर आंधळी झाली. कार्लसनसारखा खेळाडू चुकणार नाही, असे आनंदच्या मनाने नकळत गृहीत धरले असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही, ते यासाठी.

याची दुसरी बाजूही आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे चौदाव्या आणि अखेरच्या डावात डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. त्यामुळे आधी हत्तींची आणि मग उंटांची मारामारी अटळ झाली, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात काळ्याचे अधिकचे प्यादे निर्णायक ठरणार होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या पुत्राने, अठरा वर्षांच्या गुकेशने, ते हेरले आणि तो जगज्जेता झाला.

बुद्धिबळाचे शिक्षक सांगतात की, प्रत्येक चालीला तीन गोष्टी पाहाव्यात : कोणता शह देता येतो, काय मारता येते, कोणती धमकी उभी राहते. समोर कोण बसला आहे, हे या यादीत नाही. रुग्ण शंभराव्यांदा आला तरी 'आज नवे काय?' हा आपला तसाच प्रश्न असावा.

पटावर आनंदच्या कानात कोणी बोलू शकत नव्हते. नियमच तसा आहे. आपल्याकडे मात्र दाराशी सिस्टर उभ्या असतात. त्यांना बोलावेसे वाटेल, एवढे आपण ऐकून घेत असावे.