जुना ट्रान्सअ‍ॅक्सल ओळखायचा कसा?

मित्रहो, गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातली लक्षणं आणि प्रमाणं पाहिली. व्याख्यान संपल्यावर आरमोरीकडचा एक मुलगा आमच्याजवळ आला. आयटीआय झालेला, गाठीला तेंदूपानाच्या हंगामातली घरची कमाई. दोन सीटची, बुटकी, पाठीमागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार स्वतः बांधायची, हे त्याचं स्वप्न. त्यासाठी त्याने भंगारातून 'मारुती ८०० चा ट्रान्सअ‍ॅक्सल' म्हणून एक जुना गिअरबॉक्स विकत आणला होता. "सर, हा बसेल का?" आमचं बालपण बल्लारपुरात एका गॅरेजला लागूनच गेलं, त्यामुळे वस्तू अगदीच अनोळखी नव्हती. पण खरं सांगायचं तर प्रश्न आमच्याच विषयातला होता. एखादी वस्तू 'तीच' आहे हे आपण कशावरून म्हणतो?

आधी लक्षण ठरवू. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच घरात असतात, आणि त्यातून दोन चाकांकडे दोन शाफ्ट निघतात, तो ट्रान्सअ‍ॅक्सल. 'पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स' असं लक्षण केलं तर अव्याप्तीचा दोष येतो. टाटा नॅनोचं इंजिन मागे, ओढणारी चाकंही मागची. तिचा ट्रान्सअ‍ॅक्सल या व्याख्येतून सुटतो. '८०० सीसी मारुतीचा गिअरबॉक्स' म्हटलं तर अतिव्याप्ती होते. कारण ओम्नीलाही तेच ७९६ सीसीचं इंजिन, पण तिचा गिअरबॉक्स लांबट; त्याच्या शेपटाला प्रॉपेलर शाफ्ट लागतो आणि डिफरेन्शियल वेगळं, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असतं.

त्या मुलाच्या हाती नेमका ओम्नीचा गिअरबॉक्स आला होता. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असंही म्हणवत नाही. इंजिनाच्या बाबतीत त्याचं म्हणणं अर्धं खरंच होतं. शब्दप्रमाणाची अडचण हीच. सांगणारा 'आप्त' असावा लागतो, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणारा, दोन्ही.

म्हणून प्रत्यक्षाकडे वळायचं. बाहेर पडणारी तोंडं मोजा: दोन हवीत, एक नव्हे. हाऊसिंगवरचे ओतीव आकडे वाचा. इनपुट शाफ्टच्या खाचा मोजा, त्या क्लच प्लेटशी जुळायला हव्यात. तेल काढून बघा; त्यात धातूच्या चकत्या दिसल्या तर पुढे जाऊच नका.

यानंतर अनुमान. आतले दात दिसत नाहीत, पण फेरे मोजता येतात. टॉप गिअर टाका, एका बाजूचा शाफ्ट घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या बाजूचे दहा फेरे होईपर्यंत इनपुट शाफ्ट फिरवा. समजा, इनपुटचे वीस फेरे झाले. मग गुणोत्तर दोन का? नाही, चार! कारण एक बाजू धरली की दुसरी बाजू क्राऊनच्या दुप्पट फिरते. म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट करायची. आता चाक एका फेऱ्यात १.६ मीटर जात असेल आणि इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर चाकाचे फेरे १२५० आणि वेग ताशी १२० किलोमीटर. टायर मोठे घालून तेच अंतर १.८ मीटर केलं, की कागदावर १३५. पण इंजिनाची ताकद तेवढीच राहते, हे विसरायचं नाही.

आता बसवणं. इथे दिशेचा प्रश्न येतो. ८०० चं इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सल, अख्खा संच, तोंड न फिरवता सीटमागे सरकवला तर चाकं योग्य दिशेनेच फिरतात. फियाटने १९७२ मध्ये एक्स१/९ या गाडीत १२८ मॉडेलचा संच असाच मागे नेला. महाराष्ट्रातल्या दिलीप छाब्रियांची डीसी अवंती विक्रीला आली, तेव्हा तिच्यातही रेनोचं दोन लिटरचं इंजिन चालकाच्या पाठीमागेच होतं. पण जुन्या फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण घ्या. तिचं इंजिन अ‍ॅक्सलच्याही मागे. ते अ‍ॅक्सलच्या पुढे आणायला अख्खा संच उलटा फिरवला, तर गाडीला चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळतो! उपाय म्हणजे घर उघडून क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवायचा. वस्तू तीच, दात तेच; फक्त संबंध बदलला आणि अर्थ उलटा झाला.

बाकी कामं कष्टाची, पण समजण्यासारखी. पुढच्या चाकांचे नकल मागे वापरले तर ती चाकं आता वळता कामा नयेत. स्टिअरिंगच्या जागी पक्के रॉड लावून ती बांधायची. गिअरच्या केबल लांब लागतात. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे फार कोनात ठेवायचे नाहीत. इंजिन दुसरं असेल तर मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट चांगल्या लेथवाल्याकडूनच करून घ्यावी. क्रँक आणि इनपुट शाफ्ट एका रेषेत नसतील तर बेअरिंग टिकत नाही. आणि डिफरेन्शियल वेल्डिंग करून 'पक्कं' करण्याचा जुगाड रस्त्यावर नको. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, त्यासाठीच तर ते आहे.

शेवटचा मुद्दा कटू आहे, पण आधीच सांगितलेला बरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. अगदी नवी गाडी बांधली तरी तिच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी व्हावी लागते. म्हणजे ही गाडी एमएच ३३ ची पाटी लावून गडचिरोली-चंद्रपूर रस्त्यावर धावेल, अशी आशा धरू नये. ती बंदिस्त मैदानासाठी किंवा स्पर्धेसाठी.

हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प बसला. घरी काय सांगायचं, हा प्रश्न त्याच्यासमोर होता, आणि त्याचं उत्तर आमच्या कुठल्याच दर्शनात नाही. मग म्हणाला, "सर, पुढच्या वेळी पैसे देण्याआधी फेरे मोजीन." गाडी होईल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण दुसऱ्याच्या शब्दावर घेतलेलं ज्ञान स्वतःच्या हाताने तपासायचं, एवढं त्याला पटलं. महाग पडलं, हे मात्र खरं. तुम्हाला ते फुकट मिळावं, म्हणून आज हा विषय घेतला.