हातपाय सारखे गार का पडतात? आधी बोटांचा रंग बघा

या भागात जे बोललो ते इथे थोडं आवरून लिहिलंय. कंपनीच्या बसमध्ये हेडफोन नसला तरी वाचता येईल.

आजचा विषय साधा वाटतो: हातपाय कायम गार असणं. डिसेंबरात राजगुरुनगरहून पहाटे फर्स्ट शिफ्टला बाइकवर चाकणला निघालं, की कुणाचेही हात गार पडणारच. भीमेकाठचा गारठा आणि त्यात हायवेचा वारा! त्याची काळजी नाही. मी बोलतोय ते ज्यांचे हात दुपारी जेवतानाही गार असतात, किंवा गोधडीत शिरल्यावर तासभर पाय गरम होत नाहीत, त्यांच्याबद्दल. घरी उत्तर ठरलेलं असतं, "तिची प्रकृतीच थंड आहे." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी याच वाक्यामागे बरं होण्यासारखं दुखणं वर्षानुवर्षं लपून राहतं. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते बघू.

मुळात असं का होतं?

आपलं शरीर आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतं. हृदय, मेंदू, यकृत यांना ऊब मिळालीच पाहिजे. थंडी वाजली की शरीर हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि गरम रक्त आत राखतं. पाणी कमी असलं की गावात आधी बागेचा नळ बंद करतात, पिण्याचा चालू ठेवतात, तसंच हे. टेन्शन आलं तरी हेच होतं, म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी हात बर्फासारखे होतात. काहींच्या रक्तवाहिन्या जरा जास्तच लवकर आवळतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. अंगाने बारीक असलेल्यांमध्येही दिसतं. हात नुसतेच गार असतील, रंग बदलत नसेल आणि बाकी काही त्रास नसेल, तर घाबरायचं कारण नाही.

रंग काय सांगतो?

थंड पाण्यात हात घातल्यावर बोटं एकदम पांढरीफटक पडतात का? मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन झिणझिणतात का? याला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तरुण वयात सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा होणारा रेनॉड बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण तो तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला, किंवा सोबत सांधे दुखणं, कातडी घट्ट होणं, बोटांच्या टोकांना जखमा असं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. एक सोपी गोष्ट करा: बोटं पांढरी पडली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत रंग परत आलेला असतो. फोटो असला की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

ग्राइंडर चालवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी

आपल्या पट्ट्यात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ग्राइंडर, इम्पॅक्ट रेंच, ब्रेकर अशी थरथरणारी हत्यारं रोज तासन् तास हातात राहिली, की बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडतात. ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डमध्ये दगड घडवणारे कामगार हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरायचे. त्यांची बोटं थंडीत पांढरी आणि बधिर पडायची. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची पाहणी केली, आणि दोष हत्याराच्या थरथरीचा आहे हे मांडलं.

सुरुवात अगदी किरकोळ असते. शिफ्ट संपल्यावर झिणझिण्या येतात, सकाळी एखाद्या बोटाचं टोक पांढरं पडतं. याच टप्प्यावर हत्यारापासून लांब गेलात तर त्रास कमी होऊ शकतो. दुर्लक्ष केलं तर बधिरपणा कायमचा राहतो, शर्टाची बटणं लावणंही अवघड होतं. म्हणून सुपरवायझरला वेळेवर सांगा, कामाची अदलाबदल मागा. हत्यार गरजेपेक्षा घट्ट आवळू नका, झिजलेली डिस्क बदलून घ्या, हात गरम आणि कोरडे ठेवा. पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर ते कार्ड वापरा. कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी तो तुमचा हक्क आहे. आणि डॉक्टरांना काम नेमकं काय करता ते सांगा. नुसतं "कंपनीत आहे" म्हणून भागत नाही.

रक्त, थायरॉइड, तंबाखू

दुसरं मोठं कारण म्हणजे रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्यांहून जास्त! हात गार, जिना चढताना धाप, सारखा थकवा असं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं की कमी समजतात. बाजरी, पालेभाज्या, अळीव खा, वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि फार कमी असेल तर खाण्यावर भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

थंडी सहन होत नाही, वजन वाढतंय, केस गळतायत, पोट साफ होत नाही, असं सगळं एकत्र असेल तर थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घ्या. मायग्रेन किंवा बीपीच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. बिडी-सिगारेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा त्यातच आली. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांमध्ये बर्गर नावाचा आजार होतो. त्यात वाहिन्या बंद होत जातात, आणि ओढणं सुटलं नाही तर बोटं कापायची वेळ येते.

रोजचं काय करायचं?

हातमोज्यांच्या आधी स्वेटर आणि कानटोपी घाला. छाती-पोट गरम राहिलं की शरीर हाताकडे रक्त सोडतं. बाइकवर वारा अडवणारे मोजे वापरा. सेफ्टी शूज आवळणारे नकोत, आणि ओले सॉक्स लगेच बदला. गार पडलेले हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा, कडकडीत नको. ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी शेकण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. पाय बधिर असले तर भाजल्याचं कळतच नाही.

शेवटचं, लक्षात ठेवा: एकच हात किंवा एकच पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला आणि जोरात दुखायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. रक्तवाहिनी अडकलेली असू शकते आणि पाय वाचवायला हातात काही तासच असतात. तडक मोठं हॉस्पिटल गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

तुमच्या लाइनवर कुणी ग्राइंडर चालवत असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!